पहिलं सत्र, पहिले सहा आठवडे

या अंकातले सगळे प्रश्न कॉलेजच्या प्रथम वर्षाबद्दल आहेत. पत्रं विद्यार्थ्यांची आहेत, एका आईचं आहे, एका प्राध्यापकांचंही आहे. उत्तरं देणारे आम्ही प्रथम वर्षाला शिकवतो आणि समुपदेशन करतो. सगळ्या उत्तरांच्या मुळाशी असलेली एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पहिल्या वर्षी मागे पडणारी बहुतेक मुलं बुद्धीत कमी नसतात. शाळेत कोणीतरी रोज वही तपासत असतं, गैरहजर राहिलं तर घरी कळवत असतं. कॉलेजात हे विचारणं थांबतं, आणि ते थांबलंय हे मुलांच्या लक्षात येतं पहिला निकाल हातात पडल्यावर. तोवर निम्मं सत्र संपलेलं असतं. म्हणून मदत करायची तर ती पहिल्या सहा आठवड्यांत.

शाळेत मी कायम पहिल्या पाचांत असायचे. कॉलेजच्या पहिल्या चाचणीत दोन विषयांत जेमतेम पास झाले. रोज तीन-चार तास वाचते, महत्त्वाचं अधोरेखित करते, वाचताना सगळं कळतंही. पेपर समोर आला की आठवत नाही. माझी कुवतच कमी आहे का?
– प्रथम वर्षाची विद्यार्थिनी

कुवतीचा विचार आधी डोक्यातून काढून टाक. ‘वाचताना सगळं कळतं’ हे जे तू लिहिलं आहेस, त्यातच खरं कारण आहे. दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा वाचलेला मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचं वाटलं की ते आपल्याला येतं असा समज होतो. पेपरात मात्र कोऱ्या कागदावर आठवून लिहायचं असतं. तुझा सराव ओळखण्याचा झाला आणि परीक्षा आठवण्याची झाली.

अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हा फरक मोजला. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काही उतारे त्यांनी पुन्हा वाचले, काही न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचलेल्या उताऱ्यांतलं ८१ टक्के आठवलं आणि आठवून लिहिलेल्यांतलं ७५ टक्के. आठवड्याने विचारलं तेव्हा पारडं फिरलं: पुन्हा वाचलेल्यातलं ४२ टक्के उरलं होतं, आठवून लिहिलेल्यातलं ५६ टक्के. अभ्यास करून उठताना ‘येतंय’ असं वाटतं ते त्या पहिल्या पाच मिनिटांच्या जोरावर.

तेव्हा आजपासून असं कर. ज्या दिवशी लेक्चर झालं त्याच दिवशी वही बंद करून कोरा कागद घे आणि दहा मिनिटं जे आठवेल ते लिही: व्याख्या, आकृती, पायऱ्या, सरांनी दिलेलं उदाहरण. मग वही उघड आणि राहिलेलं वेगळ्या शाईने भर. वेगळ्या शाईत जे आलं, तेवढाच तुझा खरा अभ्यास शिल्लक आहे. तिसऱ्या दिवशी त्या भागांवर पाच मिनिटं, आठवड्याने सगळ्यावर दहा, महिन्याने पुन्हा दहा. एका लेक्चरमागे एकूण पस्तीस मिनिटं जातात. पहिल्या दिवशी कागदावर चार ओळीसुद्धा येणार नाहीत आणि तुला ही पद्धत सोडून द्यावीशी वाटेल. ते चार ओळींवर अडकणं हाच व्यायाम आहे. दोन आठवडे तरी सोडू नकोस.

वहीचं पान आखून घेतलंस तर हे सोपं जातं. कॉर्नेल विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी आखणी अशी: डावीकडे अडीच इंचांचा रकाना, उजवीकडे सहा इंच, तळाशी दोन इंचांची पट्टी. वही अरुंद असेल तर डावीकडे पानाचा एक तृतीयांश भाग ठेव. लेक्चर चालू असताना फक्त उजवीकडे लिहायचं. घरी आल्यावर डावीकडे त्या मजकुरावरचे प्रश्न लिहायचे आणि तळाच्या पट्टीत दोन वाक्यांत सार. उजळणीच्या वेळी उजवा भाग झाकायचा आणि डावीकडच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. बहुतेक मुलं डावीकडे मथळे उतरवून ठेवतात, तिथे पद्धत फसते. ‘ऑस्मोसिस’ असा मथळा काही विचारत नाही. ‘मिठाच्या पाण्यात पेशी का आकसते?’ हा प्रश्न विचारतो.

गणित, भौतिकशास्त्र, हिशेबशास्त्र अशा विषयांत सोडवलेलं उदाहरण बघून मान डोलावणं हा याच चुकीचा भाऊ. उत्तर झाक, पहिली ओळ स्वतः लिही, अडलं की फक्त पुढची एक ओळ बघ आणि पुन्हा झाक. कुठल्या ओळीशी अडलं त्याची खूण कर. तीच ओळ घेऊन शिक्षकांकडे जा.

आणि तपासलेला पेपर परत मिळाला असेल तर तो कपाटात टाकू नकोस. गेलेल्या प्रत्येक गुणापुढे चारपैकी एक खूण कर: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, प्रश्न चुकीचा वाचला, वेळ संपला. चौघांवरचे इलाज वेगवेगळे. पहिल्यासाठी हजेरी आणि वाचन, दुसऱ्यासाठी वरची पद्धत, तिसऱ्यासाठी प्रश्नातलं क्रियापद अधोरेखित करण्याची सवय (‘सांगा’ आणि ‘तुलना करा’ यांचे गुण वेगळ्या गोष्टींना असतात), चौथ्यासाठी घड्याळ लावून जुने पेपर सोडवणं. सगळ्याला ‘अभ्यास वाढवला पाहिजे’ हे एकच उत्तर दिलं की तास वाढतात आणि गुण तिथेच राहतात.

आमची आठवड्याला फक्त सोळा तास लेक्चर्स असतात. शाळेपेक्षा निम्मा वेळ मोकळा आहे, तरी तीन विषयांचं काम तुंबलंय आणि सगळ्यांचं सबमिशन एकाच आठवड्यात आलंय. वेळ जातो कुठे?
– प्रथम वर्षाचा विद्यार्थी

तो वेळ मोकळा नाही, फक्त त्यावर कोणी लेबल लावलेलं नाही. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं काम मोजण्याचं एकक) एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं, वर्षाला ६० क्रेडिट, म्हणजे १५०० ते १८०० तास. त्यात वर्गातले तास हा एक भाग असतो. अमेरिकी कॉलेजांतला जुना ठोकताळा आहे की वर्गातल्या एका तासामागे बाहेर दोन तास. तुझे सोळा तास म्हणजे या हिशेबाने आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांचं काम. प्रयोगशाळेच्या तासांना हा गुणाकार जसाच्या तसा लावू नकोस, तिथे बरंचसं काम जागेवरच होतं. तरी पूर्णवेळ नोकरीइतकं काम आहे हे नक्की.

सत्राचा आराखडा एका मोठ्या कागदावर कर, फोनमध्ये नको. फोनमध्ये आजचा दिवस दिसतो, सगळं सत्र एका नजरेत दिसत नाही. जितके आठवडे तितके चौकोन आख. प्रत्येक विषयाच्या रूपरेषेतून सगळ्या तारखा उतरव: चाचणी, असाइनमेंट, प्रात्यक्षिक, सादरीकरण. ज्या चौकोनात तीन तारखा पडल्या तो लाल कर. आता महत्त्वाचं काम: प्रत्येक सबमिशनच्या तारखेच्या दहा दिवस आधी ‘सुरुवात’ असं लिही. सुरुवात म्हणजे काय तेही ठरव. प्रश्न दोनदा वाचणं, ग्रंथालयातून दोन पुस्तकं काढणं आणि अर्धं पान कच्चं लिहिणं, इतकंच. दहा दिवस आधी सुरुवात केली की न समजलेला भाग शिक्षकांना विचारायला वेळ उरतो. आदल्या रात्री सुरू केलं तर ज्याला विचारायचं तो झोपलेला असतो.

कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ साली पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, पुरा व्हायला किती दिवस लागतील? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. तेव्हा जो अंदाज मनात येईल त्याची दीडपट धर.

दिवसाचं वेळापत्रक करताना दोन लेक्चर्समधला तास आधी ताब्यात घे. घरी किंवा हॉस्टेलवर गेलं की तो हातातून जातो. ग्रंथालयात ठरलेली जागा, एकच विषय, पन्नास मिनिटं, फोन बॅगेत. आणि वेळापत्रकाचा चौथा हिस्सा रिकामा ठेव. प्रत्येक तास भरलेलं वेळापत्रक पहिल्या सर्दी-तापातच कोलमडतं, मग माणूस वेळापत्रक करणंच सोडतो.

हॉस्टेलला येऊन चार आठवडे झाले. खोलीतल्या मुली वाईट नाहीत, पण माझं कोणी नाही असं वाटतं. बाकी सगळ्यांचे ग्रुप झालेत. दर शनिवारी घरी पळते आणि रविवारी रात्री रडत परत येते. मी इथे बसतच नाही का?
– एक वाचक

चार आठवड्यांत जिवाभावाची मैत्री झाली नाही, हे नेहमीचंच आहे. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी नव्या ओळखींचा अभ्यास केला (२०१८). नुसत्या ओळखीचं रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला एकत्र घालवलेले साधारण ५० तास लागतात, मित्र म्हणावं इतपत व्हायला ९०, आणि जवळच्या मैत्रीला २०० हून अधिक. वर्गात शेजारी बसून घालवलेले तास यात फारसे उपयोगी पडत नाहीत. एकत्र जेवणं, फिरणं, गप्पा हे तास उपयोगी पडतात. आता तुझा हिशेब मांड. ते तास मिळण्याची वेळ शनिवार-रविवारचीच, आणि तेव्हा तू तिथे नसतेस. ‘सगळ्यांचे ग्रुप झालेत’ असं जे दिसतंय तेही अर्धंच खरं आहे. पहिल्या महिन्यातले घोळके बहुधा खोली किंवा बाक जवळ म्हणून झालेले असतात आणि सत्र संपेपर्यंत त्यांची फेरमांडणी होते.

घरी जाणं बंद करू नकोस, अंतर वाढव. पुढचे दोन शनिवार-रविवार हॉस्टेलवर राहा, तिसऱ्याला घरी जा. राहिलेल्या शनिवारची सकाळ आधीच कोणाशी तरी ठरवून ठेव. रिकामी सकाळ सगळ्यात जड जाते. एकच मंडळ किंवा उपक्रम निवड, पण असा की जो दर आठवड्याला भेटतो: वाचनगट, नाटक, खेळ, स्वयंसेवा. वर्षातून एकदा होणाऱ्या महोत्सवाच्या समितीत तीच माणसं सलग भेटत नाहीत. पहिल्या भेटीत अवघडलेपणाच वाट्याला येईल. चौथ्या भेटीपर्यंत टिकून राहा, मग ठरव. घरी फोन रात्री झोपताना नको, संध्याकाळी कर. झोपताना केलेल्या फोननंतर आठवण घेऊन अंधारात पडून राहावं लागतं.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखायला हवी. घरची आठवण लाटेसारखी येते आणि ओसरते; मधल्या वेळात हसू येतं, भूक लागते. दोन आठवडे सलग मन उदास असेल, जेवण-झोप बिघडली असेल, वर्गात जाणं थांबलं असेल, तर ते आठवणीच्या पलीकडचं आहे. कॉलेजच्या समुपदेशकांकडे किंवा डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जा. जगणं नको असे विचार आले तर उद्यावर टाकू नकोस. त्याच तासाला वॉर्डन, मैत्रीण, घरचं माणूस, जे जवळ असेल त्याला सांग आणि एकटी राहू नकोस.

मुलगा बाहेर शिकायला गेलाय. दिवसातून तीनदा फोन करते, तो ‘हो’, ‘नाही’ इतकंच बोलतो. परवा म्हणाला, एका सरांशी जमत नाही. मी त्या सरांना फोन करू का?
– एक आई

सरांना फोन करू नका, इतक्यात तरी. तुम्ही बोललात की तो विषय तुमचा आणि सरांचा होतो, आणि मुलाला पुढच्या वेळीही तुमच्याच फोनची वाट पाहावी लागते. त्याने अडचण सांगितली की तीन प्रश्न विचारा: नेमकं काय झालं? तू आतापर्यंत काय करून पाहिलंस? आता कोणाला विचारता येईल? मग थांबा. उत्तराआधीची शांतता आईला फार लांब वाटते, पण त्या वेळात तो विचार करत असतो. दोन दिवसांनी आठवणीने विचारा, मग काय झालं?

तीन फोनांऐवजी आठवड्यातून दोन-तीन ठरलेले फोन पुरतात, पंधरा-वीस मिनिटांचे, त्याच्या सोयीच्या वेळी. मधे एखादा मेसेज, ज्याला उत्तर द्यावं लागत नाही असा. ‘जेवलास का? झोपलास का? अभ्यास केलास का?’ यांना ‘हो’ खेरीज उत्तर नसतं. ‘आज कोणाशी बोललास?’, ‘कुठला तास कंटाळवाणा होता?’ यांना असतं.

छळ, रॅगिंग, आजारपण, पैशांची फसवणूक किंवा वर लिहिलेली उदासीची लक्षणं असतील तर वाट पाहू नका. त्याला सांगून, पण लगेच कॉलेजशी बोला.

आमच्या कॉलेजात प्रथम वर्षाला तीनशे मुलं येतात. दरवर्षी दोन दिवसांचा स्वागत कार्यक्रम होतो: सभागृह, भाषणं, नियमांचं वाचन. यंदा जबाबदारी माझ्याकडे आहे. काहीतरी उपयोगी करायचं तर काय करू?
– एक प्राध्यापक

हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आनंद वाटला, कारण इथे एका माणसाच्या निर्णयाने तीनशे जणांचं वर्ष बदलू शकतं. दोन दिवसांच्या कार्यक्रमाची अडचण त्याच्या वेळेत आहे. परीक्षेचे नियम, ग्रंथालय, शिष्यवृत्ती, समुपदेशन हे सगळं पहिल्या दिवशी सांगितलं जातं, तेव्हा मुलांच्या डोक्यात वर्ग कुठे आणि शेजारी कोण इतकेच प्रश्न असतात. गरज पडते तेव्हा सांगितलेलं विसरलेलं असतं. तीच माहिती सहा आठवड्यांवर पसरा. अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठाने १९७२ मध्ये प्रथम वर्षासाठी ‘युनिव्हर्सिटी १०१’ हा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. कॉलेजात कसं शिकायचं आणि कसं रुळायचं हे लहान वर्गात शिकवण्याची ती कल्पना पुढे जगभर पसरली. तुम्हाला वेगळा अभ्यासक्रम मंजूर करून घेण्याची गरज नाही, आठवड्यातला एक तास मिळवा.

पहिल्या दिवशी चारच गोष्टी: वेळापत्रक, इमारतीची प्रत्यक्ष फेरी, आपला गट, आणि अडलं तर जायचं ते एक नाव. बारा-बारांचे पंचवीस गट करा, प्रत्येकाला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी मार्गदर्शक द्या. गट वीसच्या वर गेला की मागची सहा-सात मुलं गप्प बसतात आणि नेमकी त्यांनाच गरज असते. मार्गदर्शक निवडताना फक्त अव्वल मुलं घेऊ नका. पहिल्या सत्रात धडपडून सावरलेली मुलं जास्त उपयोगी बोलतात. त्यांना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण द्या: ऐकायचं कसं, कुठली गोष्ट स्वतःकडे न ठेवता पुढे कळवायची, आणि काय मुळीच करायचं नाही. शेवटच्या यादीत ओळख-परेडच्या नावाखाली गाणी म्हणायला लावणं आणि ‘या विषयाला नुसत्या नोट्स पुरतात’ असले सल्ले दोन्ही ठेवा.

दुसऱ्या आठवड्यात हजेरी बघा. दोन आठवड्यांत एकाच विषयाचे तीन तास बुडवणाऱ्यांची यादी काढा. यादी काढून थांबणं ही सर्वांत मोठी चूक. कार्यालयातून गेलेला इशाऱ्याचा मेसेज मूल उघडतही नाही. ज्या शिक्षकाला ते चेहऱ्याने ओळखतं त्याने फोन करावा: ‘तीन तास दिसला नाहीस, सगळं ठीक ना? उद्या साडेदहाला पाच मिनिटं भेट.’ यात जाब नाही, वेळ मात्र नक्की आहे.

तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक विषयाची वीस मिनिटांची, अगदी कमी गुणांची लेखी चाचणी घ्या आणि आठवड्याच्या आत तपासून परत द्या. कॉलेजचा पेपर कसा तपासला जातो हे मुलांना स्वस्तात कळण्याची हीच वेळ. चौथ्या-पाचव्या आठवड्यात प्रत्येकाशी दहा मिनिटं बोला. तीनशे गुणिले दहा मिनिटं म्हणजे पन्नास तास. दहा शिक्षकांत वाटले तर प्रत्येकी पाच. स्टाफ मीटिंगमध्ये हा आकडा फळ्यावर लिहा, ‘वेळ नाही’ हा आक्षेप बराच खाली येतो.

नापास होण्याचं प्रमाण जास्त असलेला एखादा विषय असेल तर ‘कमकुवत विद्यार्थ्यांचे वर्ग’ काढू नका. त्या पाटीखाली मुलं येत नाहीत. मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत १९७३ मध्ये सुरू झालेली पद्धत उलट बाजूने जाते: अवघड ठरवायचा तो विषय, विद्यार्थी नव्हे. तो विषय आधी चांगल्या रीतीने पार केलेला सीनियर पुन्हा त्याच लेक्चर्सना बसतो आणि आठवड्यात ठरलेल्या वेळी सगळ्यांसाठी खुली सत्रं घेतो. तो पुन्हा शिकवत नाही. मुलांकडून प्रश्न सोडवून घेतो, नोट्स ताडून घेतो. हुशार मुलंही येतात, त्यामुळे येण्यात कमीपणा उरत नाही.

आणखी एक तास राखून ठेवा, कदाचित सर्वांत मोलाचा. वॉल्टन आणि कोहेन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना सीनियर्सची मनोगतं वाचायला दिली: आम्हालाही सुरुवातीला इथे परकं वाटत होतं, हळूहळू ते गेलं. मग आपला अनुभव त्याला जोडून लिहायला सांगितलं. एवढं सगळं तासाभराचं. त्यानंतरच्या तीन वर्षांत आफ्रिकी-अमेरिकी विद्यार्थ्यांचे गुण वाढले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेली गुणांची दरी निम्म्यावर आली. परकं वाटणं म्हणजे आपण अपात्र असल्याचा पुरावा, असं ज्यांना वाटू शकतं त्यांना हा तास लागतो. तुमच्या सीनियर्सकडून एकेक पान लिहून घ्या. ‘मी कसा यशस्वी झालो’ असं नको. ‘पहिल्या महिन्यात मला काय अवघड गेलं, ते कधी आणि कशामुळे सुटलं’ असं हवं.

घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. सगळं इंग्रजीतून, लेक्चर भराभर पुढे जातं. क्रेडिट, इलेक्टिव्ह (आपण निवडायचा विषय) असले शब्द बाकीच्यांना आधीच माहीत असतात. विचारलं तर हसतील असं वाटतं.
– प्रथम वर्षाचा विद्यार्थी

जे शब्द बाकीच्यांना माहीत आहेत ते त्यांना घरी किंवा भावंडांकडून कळलेत. ती त्यांची हुशारी नाही, त्यांना ते फुकट मिळालंय. तुला मिळवावं लागेल, आणि दोन तासांत मिळतं. माहितीपुस्तिका घे, न समजलेल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मार आणि तो कागद घेऊन वर्गशिक्षकांकडे जा. कोणत्या कामाला कोण हेही त्याच वेळी लिहून घे: फी आणि दाखले कुठे, गुणांबद्दल तक्रार कोणाकडे, शिष्यवृत्ती कोण बघतं. आणि ग्रंथपालांना भेट. कॉलेजातली सर्वांत कमी वापरली जाणारी मदत ती. ‘या विषयावर सोप्या भाषेतलं एखादं पुस्तक आहे का?’ हा प्रश्न त्यांना अवघड नसतो आणि नवाही नसतो.

इंग्रजीसाठी लेक्चरच्या आदल्या दिवशी पंधरा मिनिटं दे. धडा समजून घ्यायचा नाही; मथळे, आकृत्या आणि ठळक शब्द बघायचे, दहा-पंधरा संज्ञा वहीच्या शेवटच्या पानावर अर्थासह उतरवायच्या. कान ओळखीच्या शब्दावर थांबतो, आणि वेग कमी झाल्यासारखा वाटतो. संज्ञा इंग्रजीत, स्पष्टीकरण मराठीत, अशी नोट्स खुशाल घे. परीक्षा इंग्रजीत असेल तर आठवड्यातून एक उत्तर पूर्ण इंग्रजीत लिहून दाखवून घे. मनात मराठीत येणारं उत्तर पेपरात आयत्या वेळी इंग्रजीत उतरत नाही. वर्गात पुढच्या तीन ओळींत बसत जा, म्हणजे समोर इतरांचे पडदे येत नाहीत. कॅनडात २०१३ साली झालेल्या एका प्रयोगात, लॅपटॉपवर भलतंच काही करणाऱ्याचा पडदा ज्यांना दिसत होता त्यांनाही कमी गुण पडले.

शंका विचारायला जाताना ‘काहीच कळलं नाही’ म्हणू नकोस. त्यावर शिक्षकांनाही कुठून सुरू करावं ते कळत नाही. ‘इथपर्यंत समजलं, ही पायरी का आली ते कळत नाही’ असं बोट ठेवून विचार. ईमेल करायचा तर विषयाच्या ओळीत विषय आणि वर्ग, पहिल्या वाक्यात नाव व हजेरी क्रमांक, मग एकच प्रश्न, आणि शेवटी ‘बुधवारी किंवा गुरुवारी केव्हा भेटू?’ तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा पुन्हा पाठव. विसरलेले असतात, रागावलेले नसतात.

रात्री तीनपर्यंत जागतो, सकाळी आठचं लेक्चर बुडतं. सवय कशी मोडू?
– हॉस्टेलमधला एक जण

झोपायची वेळ बदलू नकोस, उठायची बदल. झोप ठरवून येत नाही, उठणं ठरवता येतं. रोज, रविवारीही, एकाच वेळी ऊठ आणि उठल्यावर अर्धा तास उजेडात जा. पहिले तीन-चार दिवस वाईट जातील, मग रात्री आपोआप लवकर पेंग येईल. अठरा ते पंचवीस वयाला सात ते नऊ तास झोप लागते. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणून दुपारी चारनंतर नको. दिवसा झोपायचंच तर वीस मिनिटं, तीनच्या आत.

विषय चुकला असं वाटतंय. कॉलेज सोडावं का?
– प्रथम वर्षाची विद्यार्थिनी

पहिल्या निकालाआधी ठरवू नकोस, पण बदलाची शेवटची तारीख आजच विचारून ठेव. बरेच जण विचार पक्का होईपर्यंत थांबतात आणि तारीख निघून जाते. मधल्या काळात नावडतं काय ते वेगळं काढ: विषय, एखादे शिक्षक, की ही जागा? दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम वाच, कारण पहिलं वर्ष बरेचदा पायाभूत विषयांचं असतं आणि मूळ विषय नंतर येतो. ज्या शाखेत जावंसं वाटतं तिथल्या दोन लेक्चर्सना परवानगी घेऊन बस. शेवटी जायचंच ठरलं तर कार्यालयातून तीन गोष्टी लेखी घे: कुठले क्रेडिट पुढे धरले जातील, फी किती परत मिळेल, नाव रीतसर कधी कमी होईल. वर्गात जाणं नुसतंच बंद केलं तर गुणपत्रिकेवर नापासांचे शेरे पडतात आणि पुढचा प्रवेश त्यांच्यामुळे अडतो.

मी दुसऱ्या वर्षात आहे. मला बारा नव्या मुलांचा मार्गदर्शक केलंय. पहिल्या भेटीत काय बोलू?
– एक सीनियर

कमी बोल. पाऊण तास पुरे. नावं घे आणि दुसऱ्या भेटीत ती चुकू नयेत म्हणून लिहून ठेव. ‘काही अडचण आहे का?’ असं सगळ्यांना विचारलंस तर बारा जण ‘नाही’ म्हणतील. त्याऐवजी चिठ्ठ्या वाट, प्रत्येकाने नाव न लिहिता एक प्रश्न लिहायचा. तू मोठ्याने वाच आणि माहीत असेल तेवढ्याचं उत्तर दे. माहीत नसेल ते ‘शुक्रवारपर्यंत विचारून सांगतो’ म्हण आणि शुक्रवारी सांग. जो दुसऱ्या भेटीला आला नाही त्याला गटाच्या मेसेजमध्ये टोकू नकोस, एकट्याला फोन कर. तू स्वतः एखादा आठवडा नसणार असशील तर तुझ्या जागी कोण, हे जाण्याआधी गटाला कळव.